अर्जावरचं नाव झाकावं, की मुलाखतीची यादी बदलावी?

अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं वांशिक विविधतेचं धोरण कोकणातल्या लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात येऊन थडकलं, की आधी गंमत होते ती फॉर्मची. कृष्णवर्णीय, श्वेतवर्णीय, हिस्पॅनिक, आशियाई असे रकाने. आम्ही सगळ्यांनी ‘आशियाई’समोर खूण केली, अहवाल वर गेला आणि वरून शाबासकीही आली. आता गेटवरच्या वॉचमनपासून प्लांट हेडपर्यंत सगळे एकाच रकान्यात बसले, म्हणून भरती न्याय्य होते असं थोडंच आहे? केबिनबाहेरच्या पाट्या वाचा आणि मग लोडिंग शेडमधलं कंत्राटी हजेरीपत्रक वाचा. आडनावांतला फरक कळायला अहवाल लागत नाही.

तेव्हा वंशाच्या जागी जात, धर्म, वाडी आणि बाईमाणूस असं मनातल्या मनात वाचून ज्यांना भरती-बढतीची पद्धत खरोखर सुधारायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोट्याचा विषय बाजूला ठेवतो. घाटापलीकडे शाहू महाराजांनी 1902 मध्येच निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, पण आजही खासगी कंपनीवर जातीच्या आरक्षणाचं कायदेशीर बंधन नाही. स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या द्या असा राज्याच्या धोरणाचा आग्रह आहे खरा. स्थानिकांतला नेमका कोण, हे तो विचारत नाही. शिवाय अमेरिकेतच वारं फिरलंय. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धत रद्द ठरवली, आणि सरकारी कंत्राटदारांना समान संधीसाठी पावलं उचलायला लावणारा 1965 चा अध्यक्षीय आदेश जानेवारी 2025 मध्ये मागे घेतला गेला. तिकडच्या साहेबांच्या ईमेलमध्ये ‘टार्गेट’ हा शब्द आता शोधून सापडायचा नाही.

उरतात दोन पद्धती. एकीत अर्जावरचं नाव, फोटो, पत्ता झाकून छाननी करायची. दुसरीत काही झाकायचं नाही, पण मुलाखतीची यादी कशी बनते आणि मुलाखतीत काय विचारतात, यालाच नियम लावायचे. पर्सोनेलमध्ये असताना मी दोन्ही वापरल्या.

नाव झाकण्याच्या बाजूने बोलावं असं बरंच आहे. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे 5000 बनावट अर्ज पाठवले होते; तो अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. एमिली, ग्रेग अशा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण 10 अर्जांमागे एक बोलावणं आलं. लकीशा, जमाल अशा नावांना 15 अर्जांमागे एक. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींवर तसाच प्रयोग केला आणि तो 2007 मध्ये छापून आला. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन-तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. हे वाचल्यावर आधी नाव झाकूया असं कोणालाही वाटेल. खर्चही नाही. एक क्लार्क आणि एक काळा मार्कर पुरतो.

फ्रान्समध्ये मात्र ही पद्धत उलटली. तिथल्या सरकारी रोजगार संस्थेने 2009-10 मध्ये निनावी अर्जांचा प्रयोग केला, तेव्हा स्थलांतरितांच्या घरांतल्या उमेदवारांची बोलावणी वाढायच्या ऐवजी घटली. प्रयोगात आपणहून आलेल्या कंपन्या मुळात अशा उमेदवारांकडे सहानुभूतीने बघणाऱ्या होत्या, असं अभ्यासकांचं स्पष्टीकरण. नाव झाकलं तशी सहानुभूती गेली आणि नोकरीतली मधली रिकामी वर्षं तेवढी उघडी राहिली. मंडणगड-दापोलीकडच्या पोराच्या अर्जातही अशी फट असतेच. घरचं कोणी आजारी पडलं, दोन हंगाम आंब्याच्या बागेत गेले. पत्ता दिसला तर छाननी करणाऱ्याला निदान अंदाज येतो.

तरीही मी नाव झाकण्याच्याच बाजूने राहिलो असतो. माझं मत फिरवलं ते ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाने.

कोकणात याच्याशिवाय मुलाखत सुरू होत नाही. विचारणाऱ्याच्या मनात पाप असतं असंही नाही. आल्यागेल्याला पाण्याचा तांब्या पुढे करावा तितक्या सहज तो येतो. उमेदवार खुर्चीत टेकतो न टेकतो तोच, ‘गाव कुठलं?’ दापोलीकडचं. ‘दापोलीत कुठे?’ मग गावाचं नाव. ‘कुठली वाडी?’ बौद्धवाडी, कुणबीवाडी, तेलीवाडी, मोहल्ला, जे काय असेल ते. मार्करने झाकलेलं सगळं तिसऱ्या उत्तराला टेबलावर. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच, पण भीमनगर ऐकून ज्याला काही कळत नाही असा माणूस आमच्या पॅनलवर तरी कधी बसला नाही. वाडी निसटली तर शाळा, शाळा निसटली तर ‘तुमच्याकडे पालखी कधी?’ म्हणून शिमग्याची चौकशी. त्यावर मोहल्ल्यातला मुलगा काय बोलणार?

ज्याला वाडी सांगायची नसते तो अडखळतो. पुढे निवडीच्या कागदावर त्याच्यासमोर ‘कॉन्फिडन्स कमी’ असा शेरा दिसतो. निनावी छाननीत वर आलेली नावं मुलाखतीत अशी खाली सरकताना मी पाहिली आहेत. मला सगळ्यात खुपलं ते त्याच्यापुढचं. कोणी तक्रार केलीच तर उत्तर तयार असायचं, ‘नावं तर झाकली होती, मग भेदभाव कसला?’ म्हणजे पद्धत उमेदवाराच्या उपयोगी पडण्याआधी पॅनलच्याच उपयोगी पडली. मुंबईच्या एखाद्या मोठ्या कंपनीत हे एवढं जाणवत नसेल कदाचित.

दुसऱ्या पद्धतीचं मूळ अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. तिथल्या व्यावसायिक संघांच्या एनएफएल या लीगने 2003 मध्ये ‘रूनी रूल’ आणला. मुख्य प्रशिक्षक नेमताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. नेमायचं कोणाला, ते संघाने ठरवावं. यातली पळवाट कोणालाही दिसेल. 2022 मध्ये ब्रायन फ्लोरेस या प्रशिक्षकाने लीगवर आणि काही संघांवर दावा लावला, त्यात आपल्याला नावापुरतं मुलाखतीला बोलावल्याचा आरोप होता. म्हणून आम्ही दोघांचा नियम केला. ज्या विभागात ज्या समाजाचं किंवा बायकांचं कोणीच नाही, तिथल्या यादीत त्यांतले किमान दोन पात्र उमेदवार असल्याशिवाय यादी पुढे जायची नाही. एकटा असला की पॅनल त्याच्याकडे पाहुणा म्हणून बघतं. दोघे आले की त्या दोघांत बरा कोण याची चर्चा सुरू होते, आणि तेवढ्याने बरंच काही हलतं.

खरी मेहनत यादीच्या आधीची. पूर्वी सुपरवायझरचा भाचा, मग ठेकेदाराच्या ओळखीचा, आणि उरलीच जागा तर जाहिरात असा क्रम होता. तो उलटा केला. आधी खेड-चिपळूणच्या आयटीआयमध्ये आणि लोणेऱ्याला बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात सूचना लावायची, ओळखीची नावं नंतर. पॅनलला प्रश्नांचा छापील कागद, सगळ्यांना तेच प्रश्न. रिअॅक्टरचं तापमान चढतंय आणि कूलिंग वॉटर बंद पडलंय, पहिल्यांदा काय कराल? ज्याने त्याने गुण आधी लिहायचे, चर्चा मागून. गावाची, पालखीची, घरच्यांची चौकशी गुणांचा कागद माझ्याकडे आल्यावर, चहाबरोबर. चहा कोणाचाच बंद केला नाही.

त्रास आहेच. शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायचे दिवस, तोंडावर असताना यादी अडते आणि प्लांट हेड फोनवर आवाज चढवतो. ‘मेरिटचं काय?’ हा प्रश्न येतो. तो ओळखीच्या भरतीच्या काळात मी फारसा ऐकला नव्हता. निवडून आलेल्या मुलीला कॅन्टीनमध्ये टोमणे बसतात, त्यावर या पद्धतीत औषध नाही. भरतीचे आलेख मी काढले नाहीत. कंट्रोल रूमच्या ड्यूटी चार्टवर पूर्वी नसलेली आडनावं दिसू लागली, एवढंच मी पाहिलं.

बढतीचं मात्र काय करणार? तिथे नाव झाकण्याचा प्रश्नच नाही, माणूस दहा वर्षं समोर वावरत असतो. अमेरिकेतला ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर हा 1971 चा निकाल मला म्हणूनच जवळचा वाटतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या वीजकेंद्रात कृष्णवर्णीय कामगार फक्त ‘लेबर’ विभागात असत, आणि त्या विभागातला सर्वाधिक पगार बाकीच्या विभागांतल्या सर्वांत कमी पगाराहूनही कमी होता. भेदभावाला कायद्याने बंदी आली, तेव्हा कंपनीने वर जायला हायस्कूलचं प्रमाणपत्र आणि लेखी चाचण्यांची अट घातली. कामाशी ज्या अटीचा संबंध दाखवता येत नाही आणि जी एका गटालाच बाहेर ठेवते ती चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हेतू चांगला असला तरी.

आमच्याकडे तशी अट होती अस्खलित इंग्रजीची, शिफ्ट इनचार्ज व्हायला. रात्रपाळीत व्हॉल्व कुठला फिरवायचा हे मराठीतच ओरडून सांगतात, हे सगळ्यांना ठाऊक. मराठी माध्यमातले ऑपरेटर त्या अटीपाशी वर्षानुवर्षं थांबलेले. कागदावर अट निर्मळ, जात नाही, धर्म नाही. लॉगबुक वाचता-लिहिता येण्यापुरतं इंग्रजी, एवढ्यावर ती आणायला मला भरतीच्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त भांडावं लागलं. मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी खलाशी भरपूर दिसतात, त्यांच्यातला तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, झालेला माझ्या तरी पाहण्यात नाही. तिथे कुठली अट आडवी येते, हे बोटमालकांनी बघावं.

मुंबई-पुण्याहून शेकडो अर्ज ऑनलाइन मागवत असाल, छाननी करणाऱ्याला उमेदवाराचा तालुकाही ओळखीचा नसेल, तर नाव झाका. निदान पहिली चाळणी स्वच्छ होईल. दोन्ही एकत्र करायलाही हरकत नाही. पण कारखाना लोट्याला, महाडला किंवा मिरजोळ्याला असेल आणि पॅनलवर इथलीच माणसं असतील, तर मार्कर विकत घेण्याआधी प्रश्नांचा कागद छापा, असं मी भीत भीत सुचवेन. सुरुवात शिफ्ट इनचार्जच्या जागेपासून करा. ती क्वचित निघते, तिच्यावर सगळ्या प्लांटचे डोळे असतात. आणि यादी अडवायचा अधिकार एका माणसाच्या नावावर लेखी द्या. समितीकडे दिलात तर पहिल्याच शटडाऊनला तो नियम सुटीवर जाईल.