परसात आधी काय: कोंबड्या की भाजी?

घरामागे साधारण वीस बाय तीस फूट मोकळी जागा आहे, घरात चार-पाच माणसं आहेत आणि सुरुवात एकाच गोष्टीने करायची आहे, असं धरून हा आढावा आहे. पैशाच्या हिशेबावरून निवड करू नका. एवढ्या जागेत घरचा बाजार थोडा वाचतो, धंदा उभा राहत नाही. खरा फरक नुकसान कसं होतं यात आहे. भाजी हळूहळू जाते. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड पडली तर चार दिवस डोळ्यांसमोर वाढते, तेवढ्यात काहीतरी करता येतं. अगदीच गेली तर बियाण्याची पुडी आणि महिनाभराची मेहनत जाते. कोंबड्या एका रात्रीत जातात. खुराड्याची कडी लावायची राहिली आणि मुंगूस शिरलं, तर ते एक कोंबडी खाऊन थांबत नाही, हाती लागतील तेवढ्या मारून ठेवतं.

म्हणून पहिला प्रश्न: दिवेलागणीला घरी रोज कोण असतं? कोंबड्यांचं काम दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांचं. सकाळी सोडायच्या, पाणी बदलायचं, खाद्य घालायचं, अंडी काढायची, संध्याकाळी मोजून आत घ्यायच्या. पण यातला एकही दिवस चुकवता येत नाही. भाजीला हिवाळ्यात दोन दिवस पाणी नाही मिळालं तरी चालतं. दिवाळीत आठ दिवस गावाला जाणाऱ्यांनी कोंबड्यांसाठी शेजारी आधी बघून ठेवावा.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि इथे पारडं फिरतं. उन्हाळ्यात भाजीच्या एका चौरस मीटरला रोज पाच ते सात लिटर पाणी लागतं. दहा बाय दहा फुटांच्या तुकड्याला म्हणजे पन्नास-साठ लिटर. सहा कोंबड्यांना कडक उन्हातही तीन लिटर पुरतं. एप्रिलनंतर टँकरवर जगणाऱ्या गावात बारमाही भाजीचा विचार सोडून द्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढीच भाजी घ्या.

कोंबड्यांबद्दलचा एक गोड गैरसमज आधी काढू. ‘मोकळ्या चरतात, खाद्य फुकट’ हे वाडीला, खळ्याला, शेताच्या बांधाला लागू आहे. सहाशे चौरस फुटांत बारा कोंबड्या सोडल्या की महिनाभरात गवताची काडी उरत नाही. मग पोटाचं सगळं तुमच्यावर. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-एकशे दहा ग्रॅम खाद्य लागतं. सहा कोंबड्या धरल्या तर महिन्याला अठरा-वीस किलो. ताटातलं उरलेलं, भाजीची देठं आणि कणी यांनी त्यातलं थोडं वाचतं, पण नुसत्या तांदळावर अंडी येत नाहीत. एवढ्या जागेला सहाच ठेवा.

जात कोणती? गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-सत्तर अंडी देते, पण खुडूक बसते आणि दहा-बारा अंडी एकवीस दिवसांत स्वतः उबवते, म्हणजे पुढची पिढी घरातच तयार होते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया नीट खाद्यावर दीडशेच्या पुढे जाते, पण सहसा खुडूक बसत नाही. दर वेळी पिल्लं विकत आणावी लागतात. त्याच संस्थेची वनराजा अंगाने भरते, मांसासाठी बरी. मात्र ती जड असल्याने कुत्रा आला की गावरानसारखी झटकन भिंतीवर चढत नाही. नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा लागत नाही. पहाटे आरवण्यावरून शेजारी भांडणारे असतील तर ही मोठीच सोय.

एक दिवसाची पिल्लं स्वस्त मिळतात, पण नवख्याने महिनाभर वाढवलेली घ्यावीत. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करायची असते. रात्री वीज गेली की पिल्लं एकमेकांवर चढून खालची गुदमरतात. तरीही लहान आणायचीच असतील तर पत्र्याचं गोल कडं करा, कोपरा ठेवू नका. बल्बखाली घोळका झाला तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उष्णता जास्त, सगळीकडे पसरली तर बरोबर.

लसीकरण टाळू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग आला की वस्तीतली खुराडी रिकामी होतात आणि त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस डोळ्यात किंवा नाकात थेंब, चौदाव्याच्या आसपास गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या आठवड्यात आर-टू-बी, ही राणीखेतचीच टोचायची लस. अडचण अशी की कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची येते आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. सहा पक्ष्यांसाठी कुपी फोडणं परवडत नाही. गल्लीतल्या चार घरांनी एकाच दिवशी टोचून घ्यायचं, हाच मार्ग. बर्फाविना आणलेली लस टोचूनही रोग येतो. वाढवलेली पिल्लं घेताना आधी कोणत्या लशी झाल्या ते विचारून घ्या.

बर्ड फ्लूचं सावट वेगळं. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो आला तेव्हा पोल्ट्री फार्मबरोबर परिसरातल्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. तुमच्या घरी रोग नसला तरी ही वेळ येऊ शकते. भाजीच्या बाबतीत असं काही नाही.

खुराडं सहा कोंबड्यांना तीन बाय चार फूट पुरे. जमिनीपासून दीड फूट उंच ठेवा, अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. षट्कोनी कोंबडीजाळी कुत्रं दाताने फाडतं. आत बसायला दोन इंच जाड बांबू, अंड्यांसाठी अंधाऱ्या कोपऱ्यात फुटाभराची दोन खोकी. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. तो नसला की कवच पातळ होतं, अंडं फुटतं, आणि एकदा चव लागली की कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खाते. ती खोड सुटत नाही.

भाजीचं गणित त्यामानाने सोपं. दिवसाला सहा तास ऊन मिळत नसेल तर फळभाजी विसरा, आळू आणि पुदिन्यावर समाधान माना. दहा बाय दहाच्या तुकड्यात अडीच फुटांचे तीन वाफे आणि मध्ये सव्वा फुटाच्या दोन वाटा बसतात. दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो, वाफ्यात पाय पडत नाही. पूर्ण कुजलेलं शेणखत पंचवीस किलो पसरा. अर्धवट कुजलेल्या शेणाबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते. मेथी पंचवीस-तीस दिवसांत हाती लागते, पण ती एकदाच पेरू नका. दर आठवड्याला दोन ओळी. धने रगडून दोन फाकी करून पेरा.

चुकतं कुठे? भेंडीची पानं पिवळ्या जाळीची झाली की तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते. ते झाड उपटून टाका, फवारून बरं होत नाही. मावा-तुडतुड्यांसाठी निंबोळी पावडर पन्नास ग्रॅम लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. दोडकी-कारली वाकडी होऊन सडली तर फळमाशी, क्यू-ल्युरचा, म्हणजे नर माशांना ओढणाऱ्या आमिषाचा सापळा टांगा. टोमॅटोचं बूड काळं पडणं बहुतेक वेळा पाणी कधी भरमसाट, कधी नाही यामुळे होतं. औषध आणण्याआधी पाण्याची वेळ बांधा.

पावसाळा दोघांनाही वाईट. पालेभाजी कुजते, खुराड्यात अंथरलेलं तूस ओलं राहिलं की कोंबड्यांना रक्ती हगवण लागते. कोकणात जुलैत पिल्लं आणू नयेत. विदर्भातल्या मे महिन्यात टोमॅटोची फुलं गळतात आणि कोंबड्याही चोच उघडून धापा टाकतात, अंडी कमी होतात.

आमचा कौल: पाणी असेल तर ऑक्टोबरात भाजी लावा आणि कोंबड्या पुढच्या सप्टेंबरात आणा. मधल्या काळात भाजीला पाच फुटांचं कुंपण घाला, कारण नुकती उगवलेली मेथी सहा कोंबड्या तासाभरात उकरून टाकतात. एका पंखाची लांब पिसं कापली तर कुंपण ओलांडत नाहीत. ताजी कोंबडविष्ठा थेट झाडाला घालू नका, मुळं जळतात. सुक्या पाल्यात मिसळून, अधूनमधून पलटून तीन महिने कुजवा. वाफा रिकामा झाला की आठवडाभर कोंबड्या आत सोडा. हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी त्या वेचून खातात. बाजारातलं कीटकनाशक मारलेल्या वाफ्यात मात्र सोडू नका, मेलेल्या अळीबरोबर विषही त्यांच्या पोटात जातं.