विवरणपत्रातून दान की थेट संस्थेला?

अमेरिकेत १९७७ मध्ये कोलोरॅडो राज्याने वन्यजीवांसाठी प्राप्तिकर विवरणपत्रावरच देणगीची सोय केली आणि पुढे अनेक राज्यांनी ती स्वीकारली. कॅलिफोर्नियात फॉर्म ५४० या राज्याच्या प्राप्तिकर विवरणपत्रावरील यादीतून निधी निवडून रक्कम लिहिली की ती परताव्यातून वजा होते आणि परतावा नसल्यास देय करात मिळवली जाते. म्हणजे त्या वर्षीचा कर यामुळे कमी होत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वजावट मिळू शकते ती पुढील वर्षीच्या विवरणपत्रात. थेट दानात संस्था आणि वेळ दोन्ही आपण ठरवतो. मोठी रक्कम मी थेटच देईन. परताव्यातले पाच-दहा डॉलर मात्र फॉर्मवरच सोडणे सोयीचे.