लेजियों द'ऑनरचे पॅरिसमधील संग्रहालय : एका क्रॉसमध्ये वाचता येणारे फ्रान्स

पॅरिसमध्ये ओर्से संग्रहालय पाहून बाहेर पडल्यावर समोरच ओतेल द साल्म ही देखणी वास्तू दिसते. फ्रान्सचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान असलेल्या लेजियों द'ऑनरचे मुख्यालय तेथे आहे आणि त्याच वास्तूत या सन्मानाचे व त्याच्या आधीच्या सरदारी सन्मानांचे संग्रहालय आहे. पदकांनी भरलेली कपाटे हा विषय कोरडा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही सत्तेने माणसाचा गौरव कसा करावा, हा प्रश्न ज्याला महत्त्वाचा वाटतो, त्याने हे संग्रहालय अवश्य पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

राजेशाहीच्या काळातील दालन घाईने ओलांडू नये, कारण पुढच्या सगळ्याचा अर्थ तेथे लागतो. अकराव्या लुईने 1469 मध्ये स्थापलेला सेंट मिशेलचा सन्मान आणि तिसऱ्या हेन्रीने 1578 मध्ये स्थापलेला सेंट एस्प्रीचा सन्मान हे दोन्ही राजाच्या जवळच्या मोजक्या मंडळींसाठी होते; यांपैकी सेंट एस्प्रीच्या निळ्या फितीचा मान मिळण्यासाठी उच्च कुळ आणि कॅथलिक धर्म या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. चौदाव्या लुईने 1693 मध्ये सुरू केलेल्या सेंट लुईच्या सन्मानाने मात्र कुळाची अट सोडली आणि लष्करी सेवेला महत्त्व दिले, जरी धर्माची अट कायम राहिली. त्या सन्मानाची फीत लाल होती, आणि हाच लाल रंग पुढे लेजियों द'ऑनरने घेतला. राज्यक्रांतीने जुने सन्मान मोडीत काढल्यानंतर, 19 मे 1802 रोजी नेपोलियन बोनापार्टने नवा सन्मान स्थापन केला, तेव्हा त्यात कुळ आणि धर्म या दोहोंना स्थान नव्हते. सैनिक आणि नागरिक यांच्यासाठी एकच क्रॉस होता. मला हा निर्णय नेपोलियनच्या अनेक विजयांपेक्षा टिकाऊ वाटतो.

संग्रहालयाचा गाभा म्हणजे हा पाच बाहूंचा, दहा टोकांचा, पांढऱ्या मीनाकामाचा क्रॉस. त्याचा आकार दोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही, पण मधल्या वर्तुळातील चेहरा प्रत्येक सत्तांतरासोबत बदलत गेला. साम्राज्याच्या काळात तेथे नेपोलियन होता. नेपोलियनच्या पाडावानंतर बूर्बों या जुन्या राजघराण्याचे राजे परतल्यावर त्याच्या जागी चौथा हेन्री आला आणि मागील बाजूच्या गरुडाऐवजी लिलीची फुले आली. 1830 च्या क्रांतीनंतर हेन्री राहिला, पण मागे तिरंगी ध्वज दिसू लागले. नेपोलियनच्या पुतण्याच्या दुसऱ्या साम्राज्यात नेपोलियन परत आला. आणि 1870 नंतर प्रजासत्ताकाच्या प्रतीक-स्त्रीचे मुख स्थिरावले, तर वरच्या मुकुटाची जागा ओक आणि लॉरेलच्या पानांच्या माळेने घेतली. वेगवेगळ्या राजवटींचे क्रॉस शेजारी ठेवून पाहताना, ज्या राजांनी नेपोलियनला हाकलले त्यांनाही त्याचा सन्मान रद्द करण्याचे धाडस झाले नाही, ही गोष्ट मनावर ठसते. पुस्तकातले वर्णन वाचून तिचे वजन कळत नाही.

श्रेणी समजून घेण्यासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. शव्हालिए, ऑफिसिए, कोमाँदर, ग्राँ ऑफिसिए आणि ग्राँक्रुआ अशा पाच पायऱ्यांतील फरक प्रामुख्याने चिन्ह शरीरावर कोठे आणि कसे धारण करायचे यातून कळतो. शव्हालिएचा चांदीचा क्रॉस छातीच्या डाव्या बाजूला लाल फितीवर असतो. ऑफिसिएचा क्रॉस सोनेरी असून फितीवर कापडी फूल शिवलेले असते. कोमाँदर तो गळ्यात घालतो. ग्राँ ऑफिसिएच्या छातीवर उजवीकडे चंदेरी तारा लागतो आणि डावीकडे ऑफिसिएचा क्रॉस राहतो, तर ग्राँक्रुआचा रुंद लाल पट्टा उजव्या खांद्यावरून खाली उतरतो व सोनेरी तारा डावीकडे येतो. पायऱ्या सहसा वगळता येत नाहीत: शव्हालिए होण्यासाठी साधारणतः किमान 20 वर्षांची कामगिरी लागते, त्यानंतर ऑफिसिएसाठी 8 आणि कोमाँदरसाठी आणखी 5 वर्षे. हयात ग्राँक्रुआ मानकऱ्यांची मर्यादा 75 आहे. लता मंगेशकर या ऑफिसिए होत्या, हे माहीत असलेल्या मराठी प्रेक्षकाला त्या फुलाच्या फितीपुढे थांबावेसे वाटेल.

स्त्रियांना या सन्मानात प्रवेश उशिरा मिळाला. क्रांतिकाळातील युद्धांत लढलेल्या मारी-आंजेलिक द्युशमँ यांना 1851 मध्ये क्रॉस मिळाला आणि त्या पहिल्या स्त्री मानकरी ठरल्या. परदेशी सन्मानांचा भाग डोळ्यांना सुखावणारा आहे, पण इतिहासाची सलगता तेथे नसल्याने तो भराभर पाहिला तरी चालेल. राष्ट्राध्यक्ष द गोल यांनी 1963 मध्ये स्थापलेल्या, निळ्या फितीच्या राष्ट्रीय गुणवत्ता सन्मानाची माहिती मात्र करून घ्यावी, कारण लेजियों द'ऑनरवरचा भार हलका करण्यासाठीच तो निर्माण झाला.

वास्तूबद्दलही सांगायला हवे. अठराव्या शतकात एका जर्मन राजपुत्रासाठी बांधलेला हा प्रासाद 1871 मध्ये पॅरिस कम्यून या क्रांतिकारी उठावाच्या काळात जळाला आणि मानकऱ्यांनी स्वतः वर्गणी काढून तो पुन्हा उभारला. 1925 मध्ये येथे संग्रहालय सुरू झाले. प्रवेश विनामूल्य आहे, पण ते बुधवार ते रविवार आणि तेही दुपारीच उघडे असते, त्यामुळे सकाळी ओर्से आणि दुपारी हे संग्रहालय असा क्रम ठेवावा.