हात वर करायचे की सहमती घ्यायची?

गटाचा निर्णय मतदानाने घ्यावा की सहमतीने, असं एका मैत्रिणीने विचारलं. वेळ बघितला तर मतदान सरस. हात मोजले की मोकळे. पण पर्याय तीन झाले की गफलत होते. नऊ जणांची मतं ४-३-२ अशी फुटली, तर जिंकलेला पर्याय पाच जणांनी निवडलेलाच नसतो! अशा वेळी पहिल्या दोन पर्यायांत पुन्हा मतदान घ्याच.

सहमतीला वेळ लागतो, शिवाय हटून बसलेला एकटाही सगळ्यांना अडवतो. म्हणून ‘आवडलं का?’ऐवजी ‘एवढं चालवून घ्याल का?’ असं विचारावं. अंमलबजावणीत मात्र सहमती टिकते. हरलेला गटच उरत नाही.

तारीख, जागा असल्या किरकोळ गोष्टींना मतदान पुरे. जिथे सगळ्यांनी राबायचं, पैसे घालायचे, तिथे सहमतीच हवी.