क्रेडिट कार्डाचे बिनव्याजी दिवस आणि त्यावरचं व्याज : वर्षभराच्या वापरानंतर

आधी आकडाच सांगते, कारण सुरुवातीला मला तोच कुठे मिळत नव्हता. कार्डावर महिन्याला तीस हजारांचा खर्च करायचा, बिल दर महिन्याला पूर्ण आणि वेळेवर भरायचं, आणि तोवर ते पैसे लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) ठेवायचे. यातून वर्षाला साधारण दोन हजार रुपये सुटतात. तेच पैसे बचत खात्यात पडून राहिले तर आठ-नऊशे. गोव्यात डिचोलीतल्या आमच्या घरी हे सुरू होऊन वर्ष होत आलं आणि पुढेही मी ते चालू ठेवणार आहे. मात्र ज्या कारणासाठी सुरू केलं, ते कारण आता मागे पडलंय.

कल्पना आली इंग्लंडहून. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं भरपूर, आमच्या शेजारच्या काकींचा मुलगाही तिथेच. तिकडे काही कार्डांवर वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ शून्य टक्के व्याज असतं. दरमहा किमान रक्कम भरत राहायची, बाकीचे पैसे चांगल्या व्याजाच्या खात्यात ठेवायचे आणि मुदत संपायच्या आत सगळं फेडायचं. त्यांचं गणित जमतं ते या लांब मुदतीमुळे. आपल्याकडे किमान रक्कम भरून बाकी ठेवली की बिनव्याजी सवलत तिथेच संपते. हा फरक लक्षात न घेता तिकडचं ऐकून इथे कोणी असं करू नये, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय.

आता आपलं गणित. बिलाचं चक्र तीस दिवसांचं, आणि स्टेटमेंट, म्हणजे महिन्याचं बिल, निघाल्यावर वीसेक दिवसांनी ड्यू डेट, म्हणजे ते भरायची शेवटची तारीख. जाहिरातीत 'पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी' असं असतं. ते पन्नास दिवस मिळतात स्टेटमेंटनंतर लगेच केलेल्या खरेदीला. स्टेटमेंटच्या आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला मिळतात वीसच. खर्च महिनाभर पसरलेला असेल तर सरासरी पस्तीस दिवस येते. म्हणजे तीस हजारांच्या खर्चावर कुठल्याही दिवशी बँकेचे साधारण पस्तीस हजार रुपये आपल्याकडे असतात. सहा टक्क्यांनी त्याचे वर्षाचे २,१०० होतात, अडीच टक्क्यांनी ८७५.

हे पस्तीस हजार वाढत मात्र नाहीत. पहिल्या महिन्यात पगार आला, खर्च झाला, तरी खात्यातून काहीच गेलं नाही, म्हणून हातात खूप पैसे असल्यासारखं वाटतं. ते एकदाच होतं. नंतर दर महिन्याला जेवढं येतं तेवढंच जातं, आणि ज्या दिवशी कार्ड बंद कराल त्या दिवशी ते पस्तीस हजार परत करायचेच असतात. ते आपले म्हणून धरले आणि त्यातून एखादी वस्तू घेतली, तर पुढचं बिल भरताना तेवढाच खड्डा पडतो.

हेच गणित शंभर रुपयांवर उतरवलं तर जास्त उपयोगी पडतं. सहा टक्क्यांनी पस्तीस दिवसांचं व्याज शंभराला ५८ पैसे, पूर्ण पन्नास दिवस मिळाले तरी ८२ पैसे. म्हणून कार्ड वापरायला दुकानदाराने एक टक्का जरी जास्त मागितला, तरी व्याजासाठी कार्ड काढण्यात अर्थ नाही. म्हापशात आणि पणजीत काही दुकानांत 'कार्डाला दोन टक्के वेगळे' असं अजून सांगतात. तिथे मी सरळ खात्यातून यूपीआय करते. घरभाड्याच्या नावाने कार्डावरून पैसे आपल्याच माणसाच्या खात्यात फिरवण्याचे सल्लेही देतात लोक. त्यात फी जाते, कार्डाच्या अटी मोडतात, आणि मिळणार ते ५८ पैसे. एटीएममधून कार्डाने रोख काढली तर बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी.

गोव्यात आणखी एक अडचण आहे : घरखर्चाचा मोठा भाग कार्डावर जातच नाही. पोदेर (पाववाला), नुस्तेवाली (मासेवाली), शुक्रवारचा बाजार, चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या आराशीचं) सामान, सगळं रोख. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे किराणा आणि फार्मसी कार्डावर आली. पण समोरचा क्यूआर दुकानाच्या नावाचा हवा. वैयक्तिक खात्याचा असेल तर क्रेडिट कार्डाने पैसे जात नाहीत, आणि आमच्या बाजारात बरेच क्यूआर वैयक्तिकच आहेत. तीस हजारांचा आकडा गाठायला आमच्याकडे वीज बिल, पेट्रोल, विमा आणि मुलाचा क्लास असं सगळं धरावं लागलं. आकडा गाठायचा म्हणून नसता खर्च करायचा नाही, हे मी आणि नवऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवून घेतलं होतं.

पैसे ठेवायचे कुठे, यावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. साध्या बचत खात्यावर मोठ्या बँका सध्या अडीच टक्क्यांच्या आसपास देतात. स्वीप खातं ऐकायला चांगलं वाटतं, कारण जास्तीच्या रकमेची आपोआप एफडी होते आणि गरजेला मोडते. पण बोर्डावरचा वर्षाचा दर आपल्याला मिळत नाही. एफडी जेवढे दिवस टिकली तेवढ्या मुदतीचा दर लागतो, आणि त्यातूनही मोडल्याचा दंड वजा होऊ शकतो. महिन्याभराच्या एफडीचा दर तीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि सात दिवसांच्या आत मोडली तर काहीच नाही. म्हणून मी लिक्विड फंडावर आले. तिथेही २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दराने ती बँकांना पैसे देते) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, तसा परतावा घसरला. त्यामुळे सहा टक्के हा हिशेबापुरता धरलेला आकडा आहे, हमी नाही. सात दिवसांच्या आत पैसे काढले तर अगदी किरकोळ एक्झिट लोड (लवकर काढल्याची कपात) लागतो. पैसे कामाच्या पुढच्या दिवशी येतात. काही फंडांत दिवसाला ५०,००० रुपयांपर्यंत लगेच काढण्याची सोय असते, पण मी तिच्या भरवशावर राहत नाही. ड्यू डेटच्या आधी कामाचे तीन दिवस मोजून पैसे काढते. डिसेंबरात ३ आणि १९ तारखेला गोव्यात बँका बंद, त्यात शनिवार-रविवार जोडून आला की आणखी लवकर.

करही लक्षात घ्या. लिक्विड फंडाचा नफा तुमच्या स्लॅबनुसार करपात्र असतो. वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये २,१०० चे साधारण १,६६० उरतात. बचत खात्याच्या व्याजावरची दहा हजारांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे.

आता धोका. समजा तीस हजारांचं बिल एकदा राहून गेलं. व्याज ड्यू डेटपासून लागत नाही, प्रत्येक खरेदीच्या दिवसापासून लागतं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. पस्तीस दिवसांचे १,२०८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १,४२५. तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तर लेट फी, ती हजार धरली तर जीएसटीसह ११८०. मिळून २,६०० च्या वर, म्हणजे वर्षभराच्या व्याजापेक्षा जास्त. शिवाय थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस नाहीत. म्हणून ऑटो डेबिट लावायचंच, आणि ते 'टोटल ड्यू'ला. काही अ‍ॅपमध्ये आधीपासून 'मिनिमम ड्यू' निवडलेलं असतं, ते उघडून एकदा डोळ्यांनी बघा.

चवथीच्या आधी फ्रिज घेतला तेव्हा नो-कॉस्ट ईएमआयचाही हिशेब केला. ३६,००० चा फ्रिज, सहा हप्ते. व्याजाची रक्कम दुकान सूट म्हणून आधीच वजा करतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आपण भरतो. १६ टक्के दराने तो २९० च्या आसपास, वर प्रोसेसिंग फी जीएसटीसह २३५. एकूण ५२५. हप्ते भरेपर्यंत उरलेले पैसे सहा टक्क्यांवर ठेवले तर ६३० मिळतात. हातात राहतात शंभरेक रुपये, आणि एकरकमी घेतला तर दुकानदार हजार रुपये कमी करायला तयार होता. एकरकमीच घेतला.

कॅशबॅकशी तुलना केली तर व्याज फारच मागे पडतं. एक टक्का कॅशबॅक देणारं साधं कार्डसुद्धा ३,६०,००० च्या वार्षिक खर्चावर ३,६०० देतं. कार्ड निवडायचं ते यावर आणि वार्षिक फीवर. व्याज ही वरकड मिळकत.

लिमिटही ताणू नका. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च राहिलेला बरा, नाहीतर क्रेडिट स्कोअर (कर्ज देताना बँका बघतात तो) खाली येऊ शकतो. गृहकर्ज घ्यायचं मनात असेल तर हे फार महत्त्वाचं. तीस लाखांच्या कर्जावर पाव टक्का दर जास्त लागला, तर पहिल्याच वर्षी साडेसात हजार जातात.

मग मी चालू का ठेवतेय? खर्च केला की त्याच आठवड्यात तेवढे पैसे फंडात टाकायची सवय लागली आहे, म्हणून. फंडातली रक्कम आणि न भरलेलं बिल जुळलं की महिना हाताबाहेर गेलेला नाही हे कळतं. पूर्वी ते पगार संपल्यावर कळायचं.

हे सगळं नियमित पगारवाल्यांसाठी. टॅक्सी, किनाऱ्यावरचे शॅक, गेस्ट हाऊस अशी ज्यांची कमाई ऑक्टोबर ते मे या हंगामावर चालते, त्यांना मी हे करा असं सांगणार नाही. जून-जुलैत ड्यू डेट येते आणि मिळकत येत नाही. त्यांनी खर्च खात्यातूनच करावा आणि हंगामातले जास्तीचे पैसे सरळ एफडीत टाकावेत. तिथे त्यांना निदान सहा महिन्यांचा दर मिळेल.