प्रशिक्षणाचं अ‍ॅप चांगलं आहे, पण त्या ओटीपीचं काहीतरी करा

गेल्या आठवड्यात अपडेट आलं आणि माझ्या गटातल्या बहुतेक आरोग्य कार्यकर्त्या एका रात्रीत लॉगआउट झाल्या. डाउनलोड करून ठेवलेले धडे गेले. नवजात बाळाच्या धोक्याच्या लक्षणांवरची चाचणी तोंडावर आली होती, आणि निम्म्या जणींना अ‍ॅपच उघडत नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले. नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी अडचण देणारं हे एकच अ‍ॅप नव्हे. व्हिडिओ, प्रश्नमंजूषा, प्रमाणपत्र, 'ऑफलाइन चालतं' वगैरे सगळं वापरणाऱ्यांना ठाऊक असतंच, ते पुन्हा सांगत बसत नाही.

मूळ दुखणं लॉगिनचं. आत जायला ओटीपी लागतो आणि तो नोंदणी केलेल्या नंबरवर येतो. ज्या घरात एकच फोन आहे तिथे तो दिवसभर कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. कधी हँडसेट घरी असतो, पण सिम दुसऱ्याच फोनमध्ये असतं. रिचार्ज संपून नंबर बंद पडतो, नवीन सिम येतं, आणि अ‍ॅपच्या लेखी ती बाई जुन्याच नंबरची राहते. परवा एकीचा ओटीपी तिच्या दिराच्या फोनवर गेला. त्याने शेजारणीला फोन करून आकडे सांगितले, शेजारीण ते पुटपुटत हिच्या दारात आली, तोवर वेळ संपलेली. दुसरा मागवला, तोही उशिरा. मग 'बरेच चुकीचे प्रयत्न झाले, थोड्या वेळाने पाहा' असा संदेश. ती चिकाटीची बाई आहे, म्हणून रात्री पुन्हा बसली. सगळ्याच बसणार नाहीत.

याहून मला खुपतं ते वेगळंच. ओटीपी कुणालाही, अगदी घरच्यांनाही सांगू नका, फोनवर तर मुळीच नाही, हे आम्हीच या बायकांना बजावून सांगतो. आणि आमचंच अ‍ॅप त्यांना तो फोनवरून विचारून घ्यायची सवय लावतं. उद्या कुणी फसवायला फोन केला तर त्यांनी कुठली शिकवण आठवायची?

हेल्पडेस्कला कळवलं. उत्तर आलं, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. हा सल्ला मिळाला तर कृपया थांबा. सिंक न झालेलं, म्हणजे नेटवरून पुढे न पोहोचलेलं काम फोनच्या आतच पडून असतं आणि अ‍ॅप काढलं की तेही त्याबरोबर जातं. एकीने ऐकलं आणि रेंज नसलेल्या भागात केलेल्या गृहभेटींच्या नोंदी कायमच्या गेल्या. मी पुन्हा फोन करून चांगलीच खडसावलं. 'तसं व्हायला नको होतं' एवढंच ऐकायला मिळालं. आधी सिंक झालंय का ते तपासा, हे एक वाक्य त्यांच्या ठरलेल्या उत्तरात घालायला काय अडचण आहे?

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. श्वास मोजायच्या सुविधेसाठी मी या अ‍ॅपला मनापासून धन्यवाद देते. पडद्यावर मोठं वर्तुळ येतं. बाळाची छाती किंवा पोट वर आलं की बोट टेकवायचं, पूर्ण एक मिनिट. वय आधीच निवडलेलं असतं, त्यामुळे दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद, हे पाठ असो वा नसो, निकाल समोर येतो. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची पळवाट त्यात नाही. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो, मध्येच थांबतो, मध्येच भरभर चालतो, म्हणून ते पूर्ण मिनिट लागतंच. मोजणी सुरू करण्याआधी 'बाळ शांत आहे का? दूध पीत नाही ना?' असं अ‍ॅप विचारतं. ज्याने हे बनवलं त्याने रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजायची धडपड नक्की पाहिली असणार.

व्हिडिओंबद्दल माझं मत मधल्या काळात पार बदललं. सुरुवातीला लांबलचक व्याख्यानांचे व्हिडिओ पाहून वाटलं होतं, तज्ज्ञ थेट घरात आले, आता काय हवं! महिन्याभरात दिसलं की ते कुणीच शेवटपर्यंत पाहत नाही. डेटा संपतो, फोन परत द्यायची वेळ होते. उलट काही सेकंदांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या जातात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो म्हणजे नेमकं कसं, हे फळ्यावर काढून किंवा हातवारे करून समजावता येत नाही. खरं आजारी बाळ वर्गात आणून बसवता येत नाही. ती चित्रफीत दहा वेळा पाहिलेली कार्यकर्ती दारातूनच ओळखते. व्हिडिओवर डेटा खर्च करायचा तर एवढ्यासाठीच करावा, बाकीचं आवाजात द्यावं.

आवाजाची ताकद नवीन नाही. बिहारमध्ये २०१२ साली बीबीसी मीडिया अ‍ॅक्शनने 'मोबाईल अकॅडमी' हा आशा कार्यकर्त्यांसाठीचा अभ्यासक्रम आणला, तो कुठल्याही साध्या फोनवरून कॉल करून ऐकायचा. शिकवणारी व्यक्ती 'डॉ. अनिता' हे पात्र. ना डाउनलोड, ना अपडेट, आणि कॉल कापला गेला तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू. तेव्हा जे जमलं ते आजच्या स्मार्टफोनवर का जमू नये? आमच्या अ‍ॅपमध्ये धडा मध्ये सोडला तर पुन्हा पहिल्यापासून.

डेटाचंही तसंच. दर अपडेटनंतर प्रत्येकीने तेच धडे स्वतंत्रपणे उतरवायचे. हा निव्वळ अपव्यय आहे आणि तो ज्यांना परवडत नाही त्यांच्याच माथी मारला जातो. लर्निंग इक्वालिटी या संस्थेच्या 'कोलिब्री' या शिकण्याच्या अ‍ॅपमध्ये साहित्य एका यंत्रावर एकदा आणलं की बाकीचे इंटरनेटशिवाय जवळच्या नेटवर्कवरून वापरू शकतात. आमच्या बैठकीत सगळ्या जणी शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि तरीही प्रत्येकीचा डेटा वेगळा जळतो.

आणि वरिष्ठांसाठी एक गोष्ट. अ‍ॅप आल्यावर प्रत्यक्ष सराव वर्ग कमी केले गेले, 'आता फोनवर आहेच की' म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची डिजिटल साधनांवरची मार्गदर्शक सूचना आरोग्य कार्यकर्त्यांच्या डिजिटल प्रशिक्षणाची शिफारस करते, पण नेहमीच्या पद्धतींना पूरक म्हणून, त्यांच्या जागी नाही. मुलाच्या दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी घ्या. प्रश्नमंजुषेत सगळ्या पास होतात: ११५ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. हातात पट्टी आली की खांदा आणि कोपर यांचा मध्य चुकतो, पट्टी आवळली जाते. ११७ भरायला हवं तिथे ११४ भरतं आणि मूल चुकीच्या गटात जातं. सैल धरली तर उलट, आणि ते जास्त धोक्याचं. हे दुरुस्त करायला शेजारी बसून तिचा हात धरावा लागतो. कुठलाही पडदा ते करत नाही.

लॉगिनला पर्याय नाही असं मला सांगितलं गेलं. ते खरं नाही. आरोग्य कार्यकर्त्या वापरतात त्या 'कॉमकेअर' अ‍ॅपमध्ये प्रत्येक कार्यकर्तीला स्वतःचं नाव आणि पासवर्ड मिळतो, एकाच फोनवर अनेक जणी वापरू शकतात आणि एकदा त्या फोनवर लॉगिन झालं की पुढे नेट नसतानाही आत जाता येतं. आमच्यासाठी साधा चार आकडी पिन चालेल, जो पर्यवेक्षिकेला बदलून देता येईल. एवढं केलं तर माझ्या तक्रारी निम्म्या संपतील.

तोवर वापरणाऱ्यांनी एवढं करावं: अपडेट आपोआप होणं बंद ठेवा, बैठकीच्या दिवशी सिम असलेला फोन हाताशी असतानाच अपडेट करा, आणि त्याआधी सिंक झाल्याची खूण पाहून घ्या. पाचपैकी तीन तारे देतेय. त्यातले दोन श्वास मोजायच्या त्या वर्तुळाचे. चाचणीची तारीख पुढे ढकलून घेतली आहे, पिनची मागणी लेखी दिली आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.