बाजूच्या माणसाची नीट दखल घेणारे सिनेमे

मी कोर्टात लघुलेखक आहे. त्यामुळे चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) बघताना माझं लक्ष आधी टाइप करणाऱ्याकडे गेलं. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश साहेब ते आपल्या शब्दांत सांगतात आणि साहेबांनी सांगितलं तेवढंच कागदावर उतरतं. आमच्याकडे रोज हेच चालतं, पण पडद्यावर इतकं जसंच्या तसं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. एका बाईनं बिनबाह्यांचे कपडे घातलेत म्हणून तिचं प्रकरण ऐकायलाच नकार मिळतो, तेही कुणी आवाज न चढवता.

पण हा सिनेमा मला प्रिय आहे तो सरकारी वकीलबाईंमुळे. शाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं जीव दिला, असा आरोप आहे. बाई जुन्यापुराण्या कायद्यांची कलमं एका सुरात वाचत राहतात. दुसऱ्या कुणी त्यांना सरळ खलनायिका करून टाकलं असतं. इथे कॅमेरा त्यांच्यामागून लोकलच्या बायकांच्या डब्यात शिरतो, घरापर्यंत जातो. मुलाला घेऊन घरी आल्या की लगेच स्वयंपाक. गीतांजली कुलकर्णी यांचं हे काम मी कितीही वेळा बघू शकतो. बाईंचा राग येतो आणि त्या ओळखीच्याही वाटतात.

सिनेमा बाजूच्या, म्हणजे मुख्य नसलेल्या, माणसाशी कसा वागतो, हीच माझी कसोटी. ‘श्वास’मध्ये (२००४) सगळे आजोबा-नातवाबद्दल बोलतात, मला मात्र संदीप कुलकर्णींचा डॉक्टर आठवतो. पेशंट हॉस्पिटलमधून गायब झाल्यावर त्याचा जो संताप होतो, तो अगदी रास्त आहे. ‘किल्ला’ मुलाचा सिनेमा खरा, पण अविनाश अरुण आईचा एकटेपणा आणि कचेरीतल्या कटकटीही बघतात. अमृता सुभाष दोन्हीकडे आहेत, दोन्हीकडे उत्तम.

‘नटसम्राट’ (२०१६) इथेच मला कमी पडतो. नाना पाटेकर आणि विक्रम गोखले समोरासमोर आले की डोळे हलत नाहीत, पण मुलगा-सून फक्त बेलवलकरांना दुःख देण्यापुरतीच उरतात. त्यांची बाजू ऐकायला मिळतच नाही.

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त राष्ट्रगीत लागतं, अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि घेरलेलं डुक्कर निघून जातं. तो प्रसंग गाजला, गाजायलाच हवा. मी मात्र नायक जब्याचा बाप कचरू बघत असतो. मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा म्हणून तो डुकरं पकडायचं गावाचं हे काम अंगावर घेतो. किशोर कदम मान वर न करता सगळं सांगतात. जब्याला आवडणारी शालू मात्र शेवटपर्यंत दुरूनच दिसते. ती जब्याच्या नजरेतली आहे हे मान्य, तरी माझं समाधान होत नाही.

मंजुळेंच्याच ‘सैराट’मध्ये ती कसर भरून निघाली, आर्ची स्वतः ट्रॅक्टर हाणते. मध्यंतरानंतर सिनेमा रेंगाळतो असं बरेच जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. हैदराबादच्या वस्तीत आसरा देणारी छाया कदम यांची सुमनअक्का, तिची रोजची धावपळ, नव्या संसारातली भांडणं, हे सगळं सावकाशच यायला हवं होतं. तो भाग कापला असता तर शेवट नुसता धक्का झाला असता.